अंबाजोगाईने लातूरशी खेळायचे नाही!

अंबाजोगाई ते लातूर हे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. अंबाजोगाईचा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला लातूरला जातो, पोराला ‘नीट’च्या शिकवणीला लातूरला ठेवतो, सोयरीक जुळवतानाही लातूरकडची स्थळे आधी बघतो. एक गोष्ट मात्र त्याला करता येत नाही. त्याच्या गावच्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ लातूरच्या महाविद्यालयाविरुद्ध आंतरमहाविद्यालयीन सामना खेळू शकत नाही. अंबाजोगाई डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, लातूर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात. दोन्ही नावांत मराठवाडा आहे, स्पर्धांचे तक्ते मात्र वेगळे. अंबाजोगाईच्या पोरांनी खेळायचे ते दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नाहीतर जालन्याच्या आणि धाराशिवच्या संघांशी.

ही हद्द पूर्वापारची नाही. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले तेव्हा साऱ्या मराठवाड्याचे ते एकच विद्यापीठ होते. त्याआधीची महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली. पुढची छत्तीस वर्षे परळी, अंबाजोगाई, लातूर, उदगीर, नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद एकाच स्पर्धेत खेळत. १९९४ च्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून, नांदेडला दुसरे विद्यापीठ उभे राहिले. नांदेड, लातूर, परभणी तिकडे गेले. पुढे परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला, तोही तिकडेच. बीड इकडे राहिले. विभाजन गरजेचे होते यात वाद नाही. किनवटच्या पोराला एका गुणपत्रिकेसाठी औरंगाबादचे खेटे घालावे लागत, ते थांबले. पण परीक्षांच्या वाटणीबरोबर मैदानाचीही वाटणी होऊन गेली. ती कोणी मागितली नव्हती, तिच्यावर कोणी चर्चा केल्याचेही ऐकिवात नाही.

या वाटणीतला विनोद अंबाजोगाईलाच सगळ्यात जास्त कळावा. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या शाळेतून निघून आले ते अंबाजोगाईला. तेव्हाच्या मोमिनाबादेत त्यांनी योगेश्वरीची शाळा वाढवली, तिथूनच पुढे हैदराबाद संस्थानच्या लढ्यात उतरले. त्या शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयाला आज स्वामीजींचे नाव आहे. नांदेडच्या विद्यापीठालाही स्वामीजींचेच नाव आहे. आणि स्वामीजींच्या गावातले, स्वामीजींच्या नावाचे महाविद्यालय स्वामीजींच्या नावाच्या विद्यापीठाच्या स्पर्धेत मैदानावर उतरू शकत नाही!

गावातल्या गावात बघितले तर हा घोळ आणखी रंगतो. याच अंबाजोगाईत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेही स्वामीजींच्याच नावाचे; पण ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे. कृषी महाविद्यालय आहे, ते परभणीच्या कृषी विद्यापीठाचे. कला-विज्ञानवाले संभाजीनगरचे. संध्याकाळी ही सगळी पोरे एकाच नेटवर व्हॉलीबॉल खेळतात, एकमेकांना नावाने हाका मारतात, कोणाची सर्व्हिस कुठे पडते ते डोळे झाकून सांगतात. स्पर्धेचे पत्रक आले की एक नाशिकच्या यादीत, एक परभणीच्या, एक संभाजीनगरच्या. मराठवाड्यातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मध्यंतरी कोकणातल्या लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्नता घेतली. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही. पण मराठवाड्यातल्या मुलाने खो-खोच्या निवड चाचणीसाठी रायगड जिल्ह्याकडे डोळे लावायचे, हे नकाशा समोर ठेवून कोणी ठरवले असेल असे वाटत नाही.

हा रोग आपल्याकडचाच आहे असेही नाही. अमेरिकेत तो पैशाच्या अंगाने आला. तिथे महाविद्यालयीन खेळ विद्यापीठांच्या प्रादेशिक गटांत चालतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा ‘पॅक-१२’ हा गट १९१५ पासूनचा वारसा सांगणारा. २०२२ च्या जून अखेरीस लॉस एंजेलिसची दोन बडी विद्यापीठे, यूएससी आणि यूसीएलए, हा गट सोडून ‘बिग टेन’ या मूळच्या मध्यपश्चिमेकडच्या गटात निघाली. कारण उघड होते. त्याच उन्हाळ्यात ‘बिग टेन’ने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. मग धरण फुटले. वर्षभरात ओरेगन आणि वॉशिंग्टन ‘बिग टेन’मध्ये गेले, कोलोरॅडो, युटा आणि ॲरिझोनातली दोन विद्यापीठे ‘बिग १२’मध्ये. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना कोणी घेईना, तर ती ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात शिरली. पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिकचे सभासद! ‘बिग टेन’मध्ये आता अठरा विद्यापीठे आहेत, नाव मात्र तेच. बर्कली आणि यूसीएलए या एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन शाखा, आज वेगवेगळ्या गटांत आहेत. फुटबॉलच्या पैशासाठी झालेल्या या उलथापालथीचा भार व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनी उचलायचा: लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला एका सामन्यासाठी विमानाने जायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसायचे.

शेवटी मागे उरली दोन विद्यापीठे. कोर्व्हॅलिसचे ओरेगन स्टेट आणि गव्हाच्या शेतांमधले पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही शेतीच्या शिक्षणासाठी निघालेली, लहान गावांतली, दूरचित्रवाणीला फारशी न खुणावणारी. बीडच्या वाचकाला ही दोन गावे ओळखीची वाटायला हरकत नाही. त्यांनी कोर्टात जाऊन गटाचा कारभार आणि तिजोरी आपल्याकडे राखली आणि नवे सोबती जमवून गट पुन्हा उभा करायला घेतला. आपल्या महाविद्यालयांना कोर्टात भांडायलाही तिजोरी नाही, आणि अभियांत्रिकीवाले सोडले तर गट बदलायचा अधिकारही नाही. आपले अधिकारक्षेत्र २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ठरलेले. तिथे बाजाराने नकाशा फाडला. इथे कायद्याने एकदा आखला आणि नंतर त्याकडे कोणी वळून बघितले नाही. मैदानावरच्या मुलाला दोन्हीकडे विचारलेले नाही, एवढे साम्य.

आता हद्दीचा हिशेब मैदानावर कसा उतरतो ते पाहू. संघ म्हणजे दहा-बारा पोरे, एक क्रीडा संचालक, मागच्या तुकडीने धुऊन परत केलेले ट्रॅकसूट आणि फायलीत प्रत्येकाचा पात्रता अर्ज, बारावीची गुणपत्रिका, बोनाफाईड. पहाटेची गाडी पकडायची, बीडला उतरून दुसरी. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची. पहिल्याच फेरीत चिठ्ठी यजमान महाविद्यालयाशी निघाली की संपले. चाळीस मिनिटांची कबड्डी आणि जाऊन-येऊन दहा-अकरा तासांचा एस.टी.चा प्रवास. प्रवासभत्त्याचे बिल निघते तेव्हा पोरांची परीक्षाही होऊन गेलेली असते. तेवढ्या वेळात आणि तेवढ्या पैशात लातूर, रेणापूर, अहमदपूरच्या महाविद्यालयांशी चार सामने झाले असते, आणि संध्याकाळी पोरे घरी जेवायला असती. खेळाडू घडतो तो सामन्यांनी. वर्षाकाठी अधिकृत सामना एक खेळणाऱ्या मुलाला सराव कितीही द्या, शेवटच्या दोन मिनिटांत त्याचे पाय लटपटणारच.

मुलींच्या बाबतीत तर हा सगळा प्रश्न एका गोष्टीवर येऊन थांबतो: मुलगी दिवेलागणीला घरी येणार का? मुक्काम म्हटला की निम्मे पालक नाही म्हणतात. सोबत बाई शिक्षिका हवी, राहण्याची सोय हवी, तिथले स्वच्छतागृह कसे आहे याची खात्री हवी. क्रीडा संचालक घरोघर जाऊन हात जोडतो आणि कशीबशी सात नावे जमवतो. सात जणींच्या कबड्डी संघात राखीव कोणी नसते. एकीचा पाय मुरगळला की उरलेल्या सहा जणी. पन्नास-साठ किलोमीटरचा सामना असेल तर तोच बाप म्हणतो, जा, पण अंधार पडायच्या आत ये. मुलींच्या खेळावर परिसंवाद घेण्यापेक्षा सामन्याचे ठिकाण जवळ आणणे स्वस्त पडेल.

यात बीडचे म्हणून आणखी एक दुखणे आहे. स्पर्धांचा हंगाम रंगात येतो दिवाळीच्या आगेमागे, आणि त्याच सुमाराला ऊसतोडीचा कोयता निघतो. शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज या पट्ट्यात गावेच्या गावे कारखान्यांकडे हलतात. मागे राहिलेल्या मुलावर म्हातारी माणसे, लहान भावंडे आणि गोठ्यातली जनावरे. त्याला दोन दिवस संभाजीनगरला चल म्हणणे म्हणजे घर कुलूप लावून चल म्हणणे. अर्ध्या दिवसात परतता येईल असा सामना असेल तर तो येतो.

आष्टीकडे जाऊ. आष्टी आणि कडा या भागाचा ओढा सगळा नगरकडे. कांदा नगरला, दवाखाना नगरला, बाजार नगरला. रेल्वेही नगरहूनच आली: सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, अनेक पिढ्यांच्या वाट बघण्यानंतर, बीडपर्यंत. पण नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. म्हणून कड्याच्या महाविद्यालयाने तासाभरावरच्या नगरशी खेळायचे नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला परळीची निजामाच्या काळातली रेल्वे. ती जाते परभणीला आणि लातूर रोडला. परळीहून रेल्वेने संभाजीनगर गाठायचे तरी वाट परभणीवरून, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीतून. पुणे विद्यापीठाने निदान आपल्या पोटात पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर, नाशिक असे विभाग पाडून आधी विभागात खेळा, मग आंतरविभागीय खेळा अशी सोय केलेली आहे. ओळीने जवळचे आधी, लांबचे नंतर. त्यात जादू काही नाही.

याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावी झाला, सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या उन्हात नोकरी करून मग धावायला लागला. २०२२ च्या राष्ट्रकुलात स्टीपलचेसचे रौप्य, २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या तालमीत वाढला, २०१८ ला राष्ट्रकुलाचे सुवर्ण आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेचे कांस्य घेऊन आला. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर रणजी खेळला तो रेल्वेकडून. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामन्यात ९६ धावा काढून सामना फिरवला. सैन्य, तालीम, रेल्वे, वयोगटाचे क्रिकेट: बीडच्या पोरांनी वर जायचे जिने हे असे. विद्यापीठ नावाचा जिना या यादीत शोधावा लागतो.

गंमत अशी, की जी फेरमांडणी विद्यापीठांना सुचत नाही ती गावोगावच्या पुढाऱ्यांनी कधीच करून टाकली आहे. वाढदिवसानिमित्त भरणारे आमदार चषक, भावी आमदार चषक, दादा चषक आणि भाऊ चषक बघा. रात्रीचे दिवे, रोख बक्षीस, ध्वनिक्षेपकावर शेरोशायरी करणारा समालोचक, आणि मैदानात एका बाजूला परळीचा संघ, दुसऱ्या बाजूला उदगीरचा. तिथे कोणी अधिकारक्षेत्र विचारत नाही. तेच कलेचे विद्यार्थी, तेच कृषीचे. फक्त बनियनवर महाविद्यालयाऐवजी कोणातरी बिल्डरचे नाव. उदगीरचा चांगला चढाईपटू दोन दिवसांसाठी परळीकडून खेळतो, त्याचा ठरलेला आकडा असतो. लोक पैसे न घेता तुडुंब जमतात. शेजाऱ्याशी सामना असला की प्रेक्षक आपोआप येतो हे चषकवाल्यांना कळते. त्या सामन्यांतून पोराच्या हाती शेवटी पडते काय? एक स्टीलचा जग, पुढाऱ्याबरोबरचा फोटो, आणि गुडघा फुटला तर खर्च ज्याचा त्याचा. प्रमाणपत्र नाही.

आणि सगळी मेख प्रमाणपत्रात आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्या ५ टक्क्यांपायी बनावट प्रमाणपत्रांचा धंदा किती फोफावला हे पोलिसांच्या तपासात राज्याने पाहिले आहे. ज्या कागदाची नक्कल विकली जाते त्याची किंमत वेगळी सांगायला नको. त्यामुळे विद्यापीठाचा शिक्का नसलेली स्पर्धा कितीही चुरशीची असो, शहाणा विद्यार्थी आणि त्याचा शहाणा बाप तिच्यासाठी तास वाया घालवणार नाही. शिक्का हद्दीच्या आतच मिळतो, म्हणून खेळही हद्दीच्या आत कोंडलेला.

विभाजनाची बाजू घेणारे एक बरोबर सांगतात. एकाऐवजी दोन विद्यापीठे झाली म्हणून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला मराठवाड्यातून एका संघाऐवजी दोन जातात. बारा पोरांच्या जागी चोवीस पोरांच्या अंगावर विद्यापीठाची जर्सी येते. २००४ मध्ये एका जिल्ह्याचे सोलापूर विद्यापीठ झाले, २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचे गोंडवाना झाले. तिथल्या मुलांनाही हा लाभ मिळालाच. लाभ खरा आहे, पण तो पहिल्या फेरीपुरता. पश्चिम विभागात समोर येतात पुणे, मुंबई, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातली विद्यापीठे. प्रत्येक विभागातून अखिल भारतीय फेरीत चारच संघ जाणार. तिथे मराठवाड्याची ताकद निम्मी-निम्मी होऊन उतरते. बरे, आता स्पर्धा सरकारी विद्यापीठांशीही राहिलेली नाही. शुल्कमाफी, वसतिगृह, खुराक देऊन देशभरचे खेळाडू गोळा करणारी खासगी विद्यापीठे आली आहेत. विद्यापीठीय खेळातला मानाचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो. वर्षानुवर्षे तो पंजाबातल्या सरकारी विद्यापीठांचा मिरासदारीचा असल्यासारखा होता. २०२४ साठीचा करंडक चंदीगड विद्यापीठ या खासगी विद्यापीठाने नेला, दुसरे आले लव्हली प्रोफेशनल, तेही खासगी. अमेरिकेतला बाजार आपल्या दारात असा येतो आहे. उद्या बीडचा धावपटू लव्हली प्रोफेशनलच्या जर्सीत दिसला तर त्याला नावे ठेवायला आपल्याला तोंड राहणार नाही.

करायचे ते अवघड नाही, त्याला कायदा बदलावा लागत नाही आणि कोणाचे विद्यापीठ मोडावे लागत नाही. पदवीची हद्द आहे तिथे राहू द्या. आंतरविद्यापीठ संघाची निवडही ज्याची त्याने करावी. त्याच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात, शेजारच्या महाविद्यालयांची साखळी स्पर्धा घ्यावी: अंबाजोगाई, परळी, लातूर, अहमदपूर, गंगाखेड एका गटात, आष्टी, कडा, पाथर्डी, जामखेड, नगर दुसऱ्या गटात. एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. बाद पद्धत नाही, म्हणजे प्रत्येक संघाला सात-आठ सामने नक्की. २०१६ च्या कायद्यानेच प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ दिले आहे. संभाजीनगर, नांदेड आणि पुणे या तीन विद्यापीठांच्या मंडळांनी मिळून ठराव करावा, प्रमाणपत्रावर यजमान आणि पाहुणा अशा दोन्ही विद्यापीठांचा शिक्का असावा, आणि निवड चाचणीत या साखळीतल्या कामगिरीला गुण द्यावेत. वैद्यकीय, कृषी आणि अभियांत्रिकीच्या गावातल्या पोरांनाही त्यातच घ्यावे. खर्च वाढणार नाही. संभाजीनगरच्या एका मुक्कामाच्या पैशात ही साखळी निघते.

आता धाराशिवच्या उपकेंद्राला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा हवा आहे, लातूरच्या उपकेंद्रालाही हवा आहे. मागण्या रास्त आहेत आणि आज ना उद्या मान्य होतील. मग बीड कोणाकडे जायचे, अंबाजोगाई कोणाकडे, केज कोणाकडे यावर बैठका होतील, मोर्चे निघतील, एखादा बंदही होईल. त्या वेळी नकाशा आखणाऱ्या समितीत कुलगुरू असतील, सनदी अधिकारी असतील, संस्थाचालक तर हटकून असतील. एक खुर्ची अशा क्रीडा संचालकाला द्यावी ज्याने पहाटेच्या एस.टी.त मुलींचा संघ घेऊन निदान दहा वर्षे प्रवास केलेला आहे, आणि हद्दीची रेघ ओढण्याआधी त्याला एस.टी.चे वेळापत्रक वाचून दाखवू द्यावे.